रक्त मिळालं का?

अनोळखी नंबरवरून फोन आला की नाना लिफ्टवाले "हॅलो" म्हणत नसत. "घाबरू नका, दरवाजा ओढू नका, कितव्या मजल्यावर आहात?" एवढं एका दमात म्हणायचे आणि मग ऐकायचे. त्यांच्या नंबराची पत्र्याची छोटी पट्टी अर्ध्या शहरातल्या लिफ्टमध्ये बटणांच्या खाली ठोकलेली होती. अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबून बघतो, मग दारावर थापा मारतो आणि मग कधीतरी ती पट्टी वाचतो. म्हणजे फोन लागेपर्यंत त्याचा निम्मा धीर सुटलेला असतो. अशा माणसाला नावगाव विचारत बसायचं नसतं, हे नाना या धंद्यात पडल्या पडल्या शिकले होते.

बायको गेल्यानंतर त्याच नंबरवर दुसरेच लोक यायला लागले. नानांनी आपलं वाक्य म्हणावं आणि पलीकडच्याने जरा गोंधळून विचारावं, "रक्त मिळालं का?"

त्याचं असं झालं होतं. बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं, साधंच आहे म्हणून सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी आतून रक्त जायला लागलं. तिचा गट बी निगेटिव्ह, आणि दवाखान्याला रक्त पुरवणाऱ्या रक्तपेढीत त्या गटाची पिशवी जेमतेम एक. नाना जिन्यात उभे राहून ओळखीपाळखीच्या माणसांना फोन लावत होते. बायकोचा धाकटा भाऊ बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दुकानाची जाहिरात करायला म्हणून त्याने त्या थोडक्यात लिहायच्या समाजमाध्यमावर खातं उघडलेलं होतं. तिथे तो चष्म्याच्या फ्रेमचे फोटो टाकायचा आणि त्यांच्याकडे काळं कुत्रंही बघत नव्हतं. त्या दिवशी त्याने तिथे चार ओळी लिहिल्या. तातडीने बी निगेटिव्ह रक्त हवं आहे, माझ्या ताईचा जीव वाचवा, वय ४८, कृपया जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. खाली नंबर नानांचा घातला, कारण त्याच्या स्वतःच्या फोनची बॅटरी संपत आली होती. दवाखान्याचं नाव घाईत राहून गेलं. तारीख तर सुचलीच नाही. अशा वेळी कोणाला वाटतं की आजचा दिवस कधी जुना होईल म्हणून?

लोक धावून आले. रक्त मिळालं, हवं त्याहून जास्त मिळालं. ती त्यातून सावरलीही, उशीला टेकून बसायला लागली, नानांच्या दाढीवरून त्यांना बोलली. मग जंतुसंसर्ग झाला आणि तो काही कोणाला आवरला नाही. रक्त कमी पडलं म्हणून ती गेली असं नाही, हे नाना भेटेल त्याला सांगत. ज्यांनी दिलं त्यांच्या पदरी उगाच अपयश नको, असं त्यांना वाटायचं. देणारे कोण होते हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. लोक परस्पर रक्तपेढीत येऊन देऊन गेले होते, आणि त्या दिवसांत कोणाचा चेहरा लक्षात ठेवण्याच्या अवस्थेत ते नव्हते.

बायको गेली. चार ओळी राहिल्या.

सुरुवातीला नाना खरं ते सांगायचे. "ती गेली हो," असं म्हटलं की पलीकडचा माणूस गप्प व्हायचा. कोणी माफी मागायचं, कोणी रडायचं. मग नानांनाच त्याची समजूत काढावी लागायची, की तुम्ही काय करणार, तुमचा काय दोष, फोन केलात हेच खूप झालं. दिवसातून दोन-तीनदा परक्या माणसाचं सांत्वन करायचं, तेही आपल्याच दुःखाबद्दल, म्हणजे काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. पुढे त्यांनी ते सोडलं. "मिळालं रक्त, आभारी आहे," एवढंच म्हणू लागले. ते खोटंही नव्हतं.

मध्ये महिना-दोन महिने शांत जायचे. वाटायचं, थांबलं एकदाचं. मग हजारो लोक ज्याचं वाचतात असं कुठलंतरी खातं ते आवाहन पुन्हा पुढे ढकलायचं, आणि नाना एका हाताने लिफ्टचा ब्रेक धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवत असताना खिशातला फोन थरथरायला लागायचा. न घेऊन चालायचं नाही. कोण जाणे, कोणी अडकलं असेल. फोन घ्यायचा, वाक्य म्हणायचं, "मिळालं, आभारी आहे," म्हणायचं आणि परत चाकाला हात लावायचा.

नंबर बदला, असं लोक सहज सांगायचे. पण त्या पट्ट्या कुठे कुठे लावल्यात हे आता नानांनाही नीट आठवत नव्हतं. जिथलं काम सुटून वर्षं झाली तिथलेही लोक अडचणीला त्यांनाच फोन करत. नंबर बदलायचा आणि कोणीतरी अंधाऱ्या लिफ्टमध्ये जुना नंबर फिरवत बसायचं, हे त्यांना डोळ्यांसमोर येत असे.

घरी नाना आणि त्यांची आई, दोघंच. आईला कमी ऐकू यायचं, पण फोन वाजला की तो कशाचा आहे हे नानांच्या चेहऱ्यावरून तिला कळायचं.

"ते तुझ्याकडे रक्त मागतायत की तुला द्यायला निघालेत?" तिने एकदा विचारलं.

"द्यायला."

"मग घेऊन टाक ना थोडं. किती पांढरा पडलायस."

नाना हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून आईने तोच विनोद पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा केला.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात ते आवाहन असं काही उसळलं की फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. एक संपतो तोवर दुसरा. नाना त्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर, यंत्राच्या खोलीत होते. पत्रा तापलेला, हात ग्रीसने भरलेले. त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांनी पट्टीवरचा नंबर लावला तर व्यस्त. पुन्हा व्यस्त. त्यांनी किती वेळा लावला ते नानांनी नंतर फोनमध्ये पाहिलं आणि पाहवेना म्हणून फोन उलटा ठेवला. शेवटी कोणीतरी आजींचा आवाज ऐकून इमारतीच्या व्यवस्थापकांना बोलावलं, त्यांनी माणूस पाठवून नानांना गाठलं. नाना पोचले, लिफ्ट हाताने मजल्याला आणली, दार उघडलं. आजी पिशवी मांडीवर घेऊन खाली बसल्या होत्या. घामाने भिजल्या होत्या, पण शुद्धीवर होत्या.

व्यवस्थापक सगळ्यांदेखत म्हणाले, की फोन लागणार नसेल तर ती पट्टी कशाला लावलीत? आजींनी मात्र उठताना त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हीपण कुठेतरी अडकलात."

नाना तिथून घरी गेले नाहीत. तसेच, हात न धुता, रक्तपेढीत गेले. त्यांची अशी समजूत होती की हे आवाहन तिथूनच कोणीतरी सोडतं.

रक्तपेढीत रक्तदात्यांची नोंद करणाऱ्या एक बाई होत्या. पेढीचं त्या समाजमाध्यमावरचं खातंही त्याच चालवत. नाना भांडायच्या तयारीने गेले होते, पण बाईंकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. त्या त्यांच्याइतक्याच थकलेल्या दिसत होत्या. एका कानाला फोन, समोर संगणक, आणि बाजूला चहावर साय धरलेली. नानांचं ऐकून घेतल्यावर त्यांनी त्यांचा नंबर शोधाच्या चौकटीत टाकला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

नानांनी तोपर्यंत ते आवाहन कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आता एकाखाली एक, संपता संपेना. मूळच्या चार ओळींची कोणी नक्कल केली होती, त्या नकलेची नक्कल झाली होती, आणि प्रत्येक हाताने काहीतरी घातलं किंवा सांडलं होतं. एका ठिकाणी बायको "गरीब घरातली" झाली होती. एकीकडे तिला दोन लहान मुलं झाली होती, नानांना तर मूलच नव्हतं. कुठे भलत्याच बाईचा फोटो लावलेला. आणि कुठेतरी नक्कल करताना वयातला चार गळून पडला होता, तर तिथून पुढे ती आठ वर्षांची मुलगी होती. आठ वर्षांच्या मुलीचं आवाहन सगळ्यात जास्त पळत होतं.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे ओळीने कितीतरी खाती होती, कोणालाच चेहरा नाही, नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे, सगळ्यांचा मजकूर अक्षरन् अक्षर एक. आवाहनाखाली एक लिंक, वजन कमी करण्याच्या चूर्णाची.

"ही माणसं नाहीत," बाई म्हणाल्या. "यंत्रं आहेत. लोक ज्यावर थांबतात असा मजकूर शोधायचा आणि त्याच्या शेपटीला आपली जाहिरात बांधायची. याला स्पॅम म्हणतात. तुमच्या बायकोवर त्यांचा काही राग नाही हो. त्यांना काहीच कळत नाही."

"मग भांडायचं कोणाशी?"

"त्यांच्याशी नाही. तक्रारीचं बटण दाबायचं, ब्लॉक करायचं आणि पुढे जायचं. उत्तर दिलंत तर त्यांचंच फावतं."

त्या पुढे बोलत गेल्या. त्यांचं स्वतःचं दुखणंही बाहेर आलं. खऱ्या गरजेचं आवाहन त्या टाकत, त्यात तारीख, दवाखाना, सगळं असे. पण या जुन्या मढ्यांच्या गर्दीत ते बुडून जाई. लोक दोनदा जुन्या नंबरवर फोन करून फसत आणि तिसऱ्यांदा खऱ्यालाही फोन करत नसत. मग त्यांनी नानांना बसवून घेतलं आणि त्यांच्याच फोनवर त्यांचं खातं उघडून दिलं. नाव, लिफ्टचं काम करतात ही ओळख, चेहऱ्याचा फोटो. चेहरा हवाच, त्या म्हणाल्या, नाहीतर तुम्हीही त्या बिनचेहऱ्याच्या रांगेत जाल. वरती कायमची चिकटवलेली एक पोस्ट: या नंबरचं रक्ताचं आवाहन जुनं आहे, गरज संपली आहे, ज्यांनी मदत केली त्यांचे आभार, कृपया आपली पोस्ट काढून टाका. जी खाती खऱ्या माणसांची दिसतील, त्यांना तेवढं नम्रपणे कळवायचं.

नाना कामाचे पक्के. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि प्रत्येक नकलेखाली तेच उत्तर चिकटवत सुटले. आई मधून मधून येऊन विचारून गेली, की एवढं काय लिहितोयस, आणि लिहितोयस तर एकच बोट का हलतंय. दुपारपर्यंत मान आखडली. उत्तरं येत होती, "अरेरे, माहीत नव्हतं, काढतो." नानांना वाटलं, घोडं गंगेत न्हालं. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली, की या खात्यावरून स्पॅम पसरवला जात असल्याचा संशय असल्याने खातं बंद करण्यात आलं आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. चूर्णवाले मोकाट आणि नाना कैदेत. सुटकेसाठी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायचं होतं. नऊ चौकोनांत छोटी छोटी चित्रं होती आणि खाली लिहिलं होतं, जिना असलेले सगळे चौकोन निवडा. उभा जन्म लोकांना जिना चढावा लागू नये म्हणून घालवलेला माणूस डोळे ताणताणून जिने शोधत बसला. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा शिडीला जिना धरलं, तेही चुकलं. तिसऱ्यांदा कुठे खातं सुटलं.

सोमवारी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. चूक माझीच, म्हणाल्या, एकच मजकूर ओळीने पंचवीस ठिकाणी चिकटवू नका हे सांगायचं राहिलं. थोड्यांना सांगा, दरवेळी आपल्या शब्दांत सांगा, आणि मोठ्या खात्यांना आधी सांगा. फांद्या छाटत बसण्यात अर्थ नाही. असं म्हणून त्यांनी सगळ्यात जुनी पोस्ट शोधून काढली आणि विचारलं, "ही पहिली पोस्ट अजून तशीच आहे. सगळे इथूनच उचलतायत. हा चष्मेवाला कोण, ओळखीचा आहे?"

मेहुण्याच्या दुकानात नाना बायको गेल्यापासून फारसे गेले नव्हते. भांडण नव्हतं, पण दोघांना एकमेकांकडे पाहिलं की तिसरं माणूस आठवायचं, म्हणून दोघंही टाळायचे. त्या काळात मेहुणा त्या समाजमाध्यमावर नावारूपाला आला होता. त्या एका पोस्टने त्याला हजारो लोक मिळाले होते. आता तो रोज उठून हाताला लागेल ते आवाहन पुढे ढकलायचा. रक्ताचं, हरवलेल्या माणसाचं, औषधाचं. खरं-खोटं, नवं-जुनं बघायला त्याला फुरसत नव्हती. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि हा मान खाली घालून जगाचं भलं करत असायचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय, असं नानांची आई म्हणायची.

नानांनी त्याला सगळं सांगितलं. आजींचं सांगितलं, आठ वर्षांच्या मुलीचं सांगितलं. आणि म्हणाले, की ती पोस्ट काढून टाक.

मेहुण्याने हातातली फ्रेम पुसायला घेतली. खूप वेळ पुसली.

"ती नाही काढणार, भाऊजी," तो म्हणाला. "दुसरं काही सांगा."

नानांना वाटलं, याला ते हजारो लोक सुटत नाहीयेत. तसं ते बोललेही, जरा लागेल असंच बोलले. मेहुणा चिडला नाही. त्याने फोन काढला आणि त्या पोस्टखालची उत्तरं दाखवली. त्या दिवशी दिलेली. "मी निघालोय." "माझा गट तोच, कुठे येऊ?" "माझी आई प्रार्थना करतेय." "ताईंना सांगा, घाबरू नका." खाली खाली जावं तसं संपतच नव्हतं. तो ती रोज दुकान उघडण्याआधी वाचायचा.

"तुमच्याकडे घर आहे," तो म्हणाला. "तिचे कपडे आहेत, भांडी आहेत. माझ्याकडे ताईचं एवढंच राहिलंय. तेवढे दिवस मला वाटत होतं की ती वाचेल. ते इथे आहे सगळं."

रागावायचं तर त्यालाही जोर लागतो, आणि तो नानांच्यात उरला नव्हता. त्यांनी फक्त खिशातला फोन काढला आणि काउंटरवर त्याच्यासमोर ठेवला. आजचा दिवस हा तू घे, म्हणाले. लिफ्ट असेल तर मला दे, मी इथेच बसतो. बाकीचे तू बोल.

मग नाना डोळे तपासायच्या खुर्चीत बसून राहिले, समोर अक्षरांचा तक्ता. पहिला फोन आला तेव्हा मेहुण्याने मोठ्या हुरूपाने घेतला. हो हो, मीच भाऊ तिचा, फार आभार. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्याने खरं सांगितलं, आणि मग पलीकडच्या बाईला तो बराच वेळ "नका हो रडू, नका रडू" म्हणत राहिला. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि निघून गेलं. चौथ्या-पाचव्या फोनपासून तोही "मिळालं, आभारी आहे" वर आला. कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी उन्हं कलताना एक फोन आला. बोलणारा माणूस सुतार होता, परगावचा. त्याचा आणि त्याच्या भावाचा गट बी निगेटिव्ह. आठ वर्षांची मुलगी आहे असं वाचलं, तर दोघं काम टाकून सकाळच्या गाडीने निघाले होते. आवाहनात दवाखान्याचं नाव नव्हतं, दिवसभर फोन व्यस्त, म्हणून शहरातला सगळ्यात मोठा दवाखाना शोधून तिथल्या फाटकात उभे होते. आत अशी कोणी मुलगी नाही म्हणतात. मग मुलगी कुठे आहे? उशीर तर नाही ना झाला?

मेहुण्याने फोन नानांपुढे धरला. नानांनी खुर्चीतून उठून फोन हातात घेतला आणि सुताराला जे होतं ते सांगितलं. मुलगी नव्हतीच. माझी बायको होती, ती गेल्याला दोन वर्षं होत आली.

सुतार रागावला नाही. म्हणाला, "म्हणजे इथे कोणालाच नको आहे का?"

नानांनी रक्तपेढीतल्या बाईंना विचारलं. त्या गटाच्या पिशव्या सध्या पुरेशा होत्या, आज घेतलं तर वाया जाण्याची भीती. दोघांचे नंबर आणि गावाचं नाव घेऊन ठेवा, गरज पडेल तेव्हा मीच बोलावीन, असं त्या म्हणाल्या. मेहुण्याने दुकान बंद केलं आणि दोघं त्या भावांना गाठायला गेले, त्यांना चहा पाजला, शेवटच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत सुतार नानांना लाकडी लिफ्ट कशा असायच्या ते विचारत होता. त्याने बापाकडून ऐकलं होतं, पाहिली कधी नव्हती.

परत येताना मेहुणा एवढंच म्हणाला, "मला दोन दिवस द्या."

नानांनी दिले. त्या दोन दिवसांत त्याने सगळी उत्तरं वाचून काढली आणि ज्यांनी खरंच येऊन रक्त दिलं होतं त्यांना शोधलं. असे थोडेच निघाले. बाकीचे निघालोय म्हणून निघाले नव्हते, किंवा निघून पोचेपर्यंत गरज संपली होती. मग त्याने नानांना दुकानात बोलावून घेतलं. पुसून टाकायच्या बटणावर बोट ठेवून तो बसून राहिला. नानांनी दुसरीकडे पाहिलं. थोड्या वेळाने त्याने नाक ओढलं, म्हणून त्यांना कळलं.

त्याने सगळं लगेच थांबलं असं नाही. मूळ उपटलं तरी वारा बी कुठे कुठे नेऊन टाकतो. पण फोन कमी झाले. मग आठवड्याला एखादा, मग महिन्याला. नानांनी खातं ठेवलं. कुठली लिफ्ट आज कधीपर्यंत बंद आहे, कुठली सुरू झाली, एवढंच ते तिथे लिहितात. त्या त्या इमारतींतले लोक सकाळी बघून घेतात आणि फोन करून विचारायचे ते थांबले, हा त्यांना आणखी एक फायदा झाला. अधूनमधून एखादं बिनचेहऱ्याचं खातं त्यांच्या मागे येऊन उभं राहतं, ते त्याला दारातला कचरा काढावा तसं काढून टाकतात. चिडत नाहीत.

मेहुणाही बदलला, जरा कष्टाने. आवाहन आलं की आधी त्या नंबरवर फोन करतो, गरज आहे का विचारतो, तारीख आणि दवाखाना घालतो आणि काम झालं की पोस्ट काढतो. दिवसाला एखादंच होतं त्याच्याकडून. लोक कंटाळून निघून गेले, कोणी कोणी लिहिलं, की हा आता भाव खायला लागला. रक्तपेढीतल्या बाई मात्र त्याची प्रत्येक पोस्ट पुढे पाठवतात. त्यांच्या टेबलावरचा चहा अजून गारच होतो.

शोधून काढलेल्या रक्तदात्यांना फोन करायचं काम मेहुण्याने नानांवर टाकलं होतं. नानांनी ते बरेच दिवस लांबवलं. आपल्याला फोन आले की काय होतं ते माहीत असताना आपण होऊन कोणाला फोन करायचा म्हणजे हात उचलेना. शेवटी एका दुपारी, एका इमारतीच्या गच्चीवर काम आटोपल्यावर, त्यांनी पहिला नंबर लावला. एक बाई होत्या. बस चालवत. मागे डेपोतला गोंगाट ऐकू येत होता. नानांनी आपण कोण ते सांगितलं.

"हो, आठवतंय," त्या म्हणाल्या. "बऱ्या आहेत ना त्या?"

"नाही. गेली. पण तुमच्या रक्तावर पाच दिवस उठून बसली होती. माझ्याशी बोलली. ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

नानांनी वाट पाहिली. आता या रडतील, आता माफी मागतील, आणि मग आपण म्हणू, तुमचा काय दोष. शब्द तयारच होते.

"काय बोलल्या?" बाईंनी विचारलं.

हे नानांना कोणीच विचारलं नव्हतं. त्यांनी जरा आठवलं.

"दाढी करा म्हणाली. दवाखान्यात असं यायचं नसतं म्हणाली."

पलीकडे त्या हलकंच हसल्या. मग कोणीतरी त्यांना हाक मारली. "गाडी काढायची आहे हो," त्या म्हणाल्या, "पण फोन केलात ते बरं केलंत. मला अधूनमधून आठवण यायची, काय झालं असेल म्हणून." आणि फोन बंद झाला.

नाना गच्चीवर थोडा वेळ पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. मग त्यांनी यंत्राच्या खोलीला कुलूप लावलं, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढचा नंबर उद्या लावू असं ठरवून ते कामाला निघाले.